आधी उंदरांची चौकशी

आमच्या आजीच्या हिशेबात प्लेग माणसाला व्हायच्या आधी घराला व्हायचा. घराची लक्षणं ती बोटांवर मोजून सांगे. भरदिवसा उंदीर बिळाबाहेर येतो. माणसाला भीत नाही, मांजरालाही भीत नाही. झिंगल्यासारखा चालतो, पाण्याच्या घंगाळापाशी येऊन कलंडतो. एखादा आढ्यावरून थेट चुलीपुढं पडतो. मग दोन-चार दिवस घरात उंदीर दिसत नाही, आणि पायांना पिसवा चावायला लागतात. एवढं झालं की वैद्याची वाट बघत बसायचं नाही. "उंदीर पडलं की माणसानं उठायचं," असं ती म्हणायची. उठायचं म्हणजे बाडबिस्तरा बांधून गाव सोडायचं.

तिचं माहेर कृष्णाकाठचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत प्लेग एकदा येऊन गेला, असं होत नसे. पावसाळा सरला की कुठल्या तरी गल्लीत उंदीर पडल्याची बातमी येई आणि गाव माळावर जाई. कडब्याच्या खोपी उभ्या राहत. स्वयंपाक तिथंच, सणवार तिथंच, बाळंतपणंसुद्धा तिथंच. मागं राहिलेल्या घरांची कौलं उतरवून ठेवत, म्हणजे ऊन थेट जमिनीपर्यंत पोचेल. मेलेला उंदीर कुणी हातानं उचलत नसे. चिमट्यात धरून, रॉकेल टाकून जाळत. आणि माळावर गेल्यावर थोरामोठ्यांची एकच ताकीद असे: गावात परत पाऊल टाकायचं नाही.

तिच्या एका चुलत्यानं ती ताकीद मोडली. पेवातली ज्वारी आणायला तो संध्याकाळी गावात गेला, उशीर झाला म्हणून जुन्याच घरात निजला. चार दिवसांनी त्याला हुडहुडी भरून ताप चढला. डोळे लाल झाले, जीभ जड झाली, आणि जांघेत गाठ आली. ती इतकी ठणकायची की त्याला पाय लांब करता येत नव्हता. तो वाचला नाही. आजी त्याच्याविषयी सांगायची तेव्हा आधी ज्वारीचं सांगायची, मग त्या घरात निजल्याचं, मग मधल्या दिवसांचं, मग तापाचं आणि शेवटी गाठीचं. हा क्रम कधी चुकला नाही.

लहानपणी ती मला एक दुःखाची गोष्ट वाटायची. पुढं वैद्यकाच्या इतिहासाचं वाचन वाढलं तेव्हा ध्यानात आलं, की चांगला डॉक्टर रोग्याची हकिकत याच क्रमानं लिहून घेतो. लागण कुठं झाली असेल, मध्ये किती दिवस गेले, ताप कसा चढला, गाठ कुठं आली. प्लेगचा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण एक ते सात दिवस जातात. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून जंतू पायाकडून वर चढत जांघेतल्या गाठीत ठाण मांडतो. हाताला चावली तर गाठ काखेत येते. आजीला जंतू ठाऊक नव्हता. पण घर, उंदीर, पिसू, दिवस, ताप आणि गाठ ही साखळी तिला तोंडपाठ होती.

दुसरा साक्षीदार आमचे आप्पा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. ऐन उमेदीच्या वर्षांत ते तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या डॉक्टरांची एक रीत ते फार आदरानं सांगत. गाठ घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर आधी पाय धुवायला लावत आणि तळपाय उजेडात धरून बघत. काटा रुतून पाय पिकला असेल तर जांघेत अवधाण येतंच. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. गळ्याला गंडमाळ असेल तर ती महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेली असते. हत्तीपायाच्या रोगातही जांघेत गाठ सुजते, गुप्तरोगात बद येते. या सगळ्या गाठी ओळखून बाजूला काढल्या, की उरते ती एका दिवसात उठलेली, धोतराचा काठ लागला तरी माणूस कळवळेल अशी गाठ, आणि तिच्यासोबत अंगात फणफणणारा ताप. मग डॉक्टर विचारत, "घरात उंदीर मेले का? शेजारी मेले का?" आप्पांच्या भाषेत, "आधी उंदरांची चौकशी, मग रोग्याची नाडी."

हीच चौकशी १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत एका डॉक्टरनं केली आणि हिंदुस्थानचा इतिहास बदलला. गोव्यातल्या हडफडे गावी जन्मलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस मांडवीत वैद्यकी करीत. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली, धान्याच्या वखारींनी भरलेली वस्ती. तापानं लोक मरत होते आणि वखारींमध्ये उंदीर मरून पडत होते. गाठ आलेले रोगी बघून व्हिएगस यांनी निदान केलं: हा गाठीचा प्लेग आहे. दोन वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये त्याची मोठी साथ झाली होती आणि तिथून मुंबईला जहाजांची ये-जा होती. तरीही ही गोष्ट उघड बोलायला धैर्य लागत होतं. प्लेगचं नाव निघालं की बंदराचा व्यापार बसणार, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांच्या निदानावर शंका घेतल्या गेल्या, तज्ज्ञांकडून पडताळणी झाली आणि ते खरं ठरलं. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. तिथून जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसानं क्षणभर थांबावं, एवढं त्यांचं आपल्यावर ऋण आहे.

व्हिएगस यांनी रोग डोळ्यांनी आणि हातांनी ओळखला. तो जंतूच्या रूपात पकडायचं काम मुंबईत झालं ते वाल्डेमार हाफकिन यांच्या हातून. प्लेगचा जंतू अलेक्झांडर यर्सिन आणि शिबासाबुरो किटासाटो यांना १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. यर्सिन यांनी तिथल्या मेलेल्या उंदरांकडेही लक्ष वेधलं होतं. हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. कॉलऱ्याच्या लशीचं काम करायला ते हिंदुस्थानात आले होते. ऑक्टोबर १८९६मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात तुटपुंज्या जागेत त्यांनी प्रयोगशाळा मांडली.

तिथं त्यांना जे दिसलं ते प्रत्येक मराठी घरानं ऐकावं असं आहे. जंतू वाढवण्यासाठी मांसाच्या अर्काचा रस काचेच्या चंबूत घेऊन त्यावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. चंबू जराही न हलवता ठेवला की त्या तुपाला धरून प्लेगचे जंतू वाढत आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत उतरत. चंबू हलला की पारंब्या तुटून तळाशी बसत आणि वर नव्या फुटू लागत. ही वाढ प्लेगच्या जंतूची खूण ठरली. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही नोंदलेली असते. तळाशी साठलेले हेच जंतू उष्णता देऊन मारायचे आणि त्यांची लस करायची, असा मार्ग हाफकिन यांनी काढला. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली, आणि १९२५पासून ती हाफकिन यांचं नाव मिरवते आहे.

डॉक्टरच्या हातांनी रोग ओळखला, प्रयोगशाळेत जंतू हाती आला. तरीही प्लेग पसरला आणि पुढच्या काही दशकांत त्यानं हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली. याची कारणं अनेक आहेत. घरातल्या थोरांच्या आठवणींत मात्र त्यातलं एक कारण ठसठशीत राहिलं आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. माणसांनी रोगी लपवले.

आजीच्या मावशीचं सासर पुण्यात, एका पेठेत. त्यांच्या वाड्यातली हकिकत आजीनं मावशीच्या तोंडून ऐकलेली. गोरे शिपाई गल्लीत शिरल्याची वर्दी आली की तापानं फणफणलेल्या सुनेला उठवून, तोंड धुवून, कुंकू लावून जात्यापाशी बसवायचे. तिनं दात आवळून जातं ओढायचं, म्हणजे घरात कुणी आजारी नाही असं दिसावं. कारण ती सापडली तर तिला इस्पितळात नेणार आणि घरातल्या सगळ्यांना कारंटीनमध्ये. तिथं कोण कुणाच्या पंगतीला, कोण कुणाच्या शेजारी, परत येऊ की नाही, काही ठाऊक नाही. मागं घराची झडती होणार, सामान जळणार. स्टेशनावर उतारूंच्या काखा आणि जांघा तपासत होते, बायकांच्यासुद्धा. मावशीनं हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज रागानं कापत होता, असं आजी म्हणायची.

इतिहासानं त्या रागाची नोंद ठेवली आहे. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती अमर्याद अधिकार आले. पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्या हाताखाली फौज घरांत शिरली. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. हा भाग आपण शाळेपासून शिकतो. शाळेत शिकवत नाहीत ते असं, की दहशतीच्या त्या महिन्यांत निदान अशक्य होऊन बसलं. ज्या डॉक्टरला तळपाय बघायचा होता त्याच्यासमोर रोगी आलाच नाही. ज्याला "उंदीर मेले का?" हे विचारायचं होतं त्याला सगळ्या दारांवर एकच उत्तर मिळालं: नाही. मरणाचं कारण म्हणून कुणी साधा ताप सांगितला, कुणी खोकला. मुंबईत प्लेगचे म्हणून नोंदले गेलेले मृत्यू आणि त्या काळात एरवीपेक्षा जास्त झालेले मृत्यू यांत मोठी तफावत पडली.

त्याच वेळी पुण्याजवळ दुसरी वाटही दिसत होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं, आणि त्याच सेवेत लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. माणसानं आपलं पोर कुणाच्या पाठीवर द्यावं आणि कुणापासून लपवावं, हे त्याला कुठल्या कायद्यानं शिकवावं लागत नाही.

पिसवेचा उलगडा व्हायला आणखी काही वर्षं गेली. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर प्लेगच्या कामासाठी हिंदुस्थानात आला होता. काही रोग्यांच्या अंगावर त्याला बारीकसे फोड दिसले. फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू निघाले, आणि हा किडा चावल्याचा डाग असावा असं त्याच्या मनानं घेतलं. जून १८९८मध्ये कराचीत त्यानं काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि जाळीआड एक निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नव्हता, पिसू मात्र जाळीतून जाऊ शकत होती. निरोगी उंदीरही प्लेगनं मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराकडून लागण झाली नाही. पुष्कळांनी तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. पुढं मुंबईत डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी चाळींमध्ये हाच धागा धरला. उंदीर मेल्यावर तिथल्या माणसांच्या अंगावर ज्या पिसवा सापडल्या त्यांत उंदरांच्या पिसवा होत्या. १९०५पासून प्लेग कमिशननं परळला केलेल्या प्रयोगांनी शंका मिटवल्या. १९१४ साली बेकॉट आणि मार्टिन यांनी दाखवलं, की पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो. रक्त आत जात नाही, म्हणून ती भुकेनं पुन:पुन्हा चावते आणि दर वेळी जंतू जखमेत सोडते.

हे वाचताना मला आजीचे ते मधले दोन-चार दिवस आठवले. उंदीर दिसेनासे होतात आणि पिसवा चावायला लागतात, असं ती म्हणायची. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं, पिसवा ते सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. उंदीर पुरेसे असेपर्यंत त्या उंदरांवर भागवतात. उंदीर संपले की माणूस. आजीच्या गावच्या बायकांनी घर झाडता झाडता हे टिपलं होतं. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांतले लोकही उंदीर मरू लागले की गाव सोडत, हे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांनी नोंदून ठेवलं आहे. शास्त्राला कारण सापडायच्या आधी लोकांना खूण सापडली होती. ती विचारण्याइतका धीर राज्यकर्त्यांकडे नव्हता.

१९६६नंतर आपल्याकडे माणसांतला प्लेग जवळजवळ विस्मरणात गेला. मग १९९४चा ऑगस्ट आला. किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष व्हायचं होतं. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा फार वाढल्याची, उंदीर मेल्याची तक्रार झाली. मागोमाग ताप आणि गाठी घेऊन रोगी येऊ लागले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगच्या बातम्या आल्या. तिथून लाखो माणसं पळाली, देशोदेशींची विमानं थांबली. हा खरंच प्लेग आहे का, यावर तज्ज्ञांत जाहीर वाद झाले. प्रतिजैविकं आधीच घेतलेल्या रोग्यांच्या नमुन्यांत जंतू सापडणं कठीण होतं, आणि प्लेग स्वतः पाहिलेले डॉक्टर फार थोडे उरले होते. पुढं जंतूंच्या डीएनए तपासणीनं प्लेगचाच पुरावा दिला. मामला गावाची ती पिसवांची तक्रार मला या सगळ्या गदारोळात सर्वांत मोलाची वाटते. तो रोगाचा पहिला अहवाल होता आणि तो गावकऱ्यांनी दिला होता.

आज गाठीत सुई घालून पाणी काढतात, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट दिसतो. रक्ताचा आणि गाठीतल्या पाण्याचा नमुना वाढवून बघतात. जंतूच्या अंगावरचं विशिष्ट प्रथिन ओळखणारी पट्टी थोड्या मिनिटांत कौल देते. तरीही संशय पक्का असेल तर अहवालाची वाट न बघता उपचार सुरू करायचे, हा नियम आहे. उपचाराविना गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातले तीस ते साठ रोगी दगावतात, आणि फुप्फुसाच्या प्लेगमध्ये क्वचितच कुणी वाचतं. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधं वेळेत मिळाली तर बहुतेक रोगी बरे होतात. म्हणजे अहवाल हाती येण्याआधी डॉक्टरकडे जे असतं ते फक्त रोग्याची हकिकत आणि घराची हकिकत.

आपल्या दारात आज उंदरानं आणलेला दुसरा रोग उभा आहे. कोकणातल्या माझ्या मावसबहिणीच्या यजमानांना भातलावणीच्या दिवसांत ताप आला. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. पोटऱ्या अशा दुखत होत्या की हात लावू देईनात. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला: "काका, चिखलात उतरला होतात? पायाला भेगा, जखमा आहेत?" त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि अहवालाची वाट न बघता औषध चालू केलं. लेप्टोस्पायरोसिस होता. काविळीवर आणि मूत्रपिंडावर जाण्याआधीच तो आटोक्यात आला. हा जंतू उंदराच्या, गुराच्या, कुत्र्याच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात उतरतो आणि माणसाच्या कातडीवरच्या जखमेतून आत शिरतो. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईनं त्याची साथ भोगली. सिंधुदुर्गाच्या भातशेतकऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. त्याच्या तपासणीत एक मेख आहे. पहिल्या दिवसांत रक्तात प्रतिपिंडं तयार झालेली नसतात, म्हणून तेव्हा केलेली प्रतिपिंडांची चाचणी नकारार्थी आली तरी रोग नाही असं म्हणता येत नाही. इथंही पहिल्या दिवशी भरवसा प्रश्नावरच ठेवावा लागतो.

त्या डॉक्टरबाईंनी आप्पांच्या डॉक्टरांचं नावही ऐकलेलं नसेल, पण रीत तीच. आणि काकांनी काही न लपवता खरं सांगितलं, कारण त्या प्रश्नात दरडावणी नव्हती. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासातून मी एवढंच घेतलं आहे. जनावराकडून माणसात आलेला रोग ओळखायचा तर डॉक्टरला गोठ्यात, शेतात, आढ्यावर काय घडतंय ते कळलं पाहिजे, आणि ते सांगणाऱ्याला सांगण्याचं भय वाटता कामा नये. उंदीर मेले, गाई गाभडल्या, कुत्री एकाएकी मरायला लागली, तर ही बातमी आशाताईंच्या वहीत आणि आरोग्य केंद्रात त्याच दिवशी पोचावी. ती देणाऱ्याच्या घराला टाळं न लागता तिथं औषध पोचावं. तापाचा रोगी घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा घरच्या जनावरांचं आपण होऊन सांगा. आणि डॉक्टरांनो, वेळ कमी असला, बाहेर रांग मोठी असली, तरी एवढा एक प्रश्न विचारल्यावाचून औषधाची चिठ्ठी लिहू नका.